फुटबॉलच्या मैदानावर व्हीलचेअरवरून मॅच दिसायला स्टेज किती उंच लागतं? मंडपवाल्याला माप द्यायचंय

डावा बॅक, भुसावळ

नमस्कार मंडळी. मला एक माप हवंय आणि आठ दिवसांत हवंय.

आमच्याकडे दर जानेवारीला फुटबॉलची टुर्नामेंट भरते. फायनलला तीनेक हजार माणूस जमतो. मैदानाच्या पश्चिमेला सिमेंटची सात पायऱ्यांची गॅलरी आहे. बाकी तिन्ही बाजूंना दोरी बांधतात आणि लोक दोरीमागे उभे राहतात.

मी बारा वर्षांपासून व्हीलचेअरवर आहे. यावल रोडवर रात्री केळीची ट्रॉली उभी होती, मागे लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. माझी मोटारसायकल तिच्यात घुसली. मणका, डी-१२, म्हणजे छातीमागचा बारावा. कमरेखाली हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. त्याआधी मी याच मैदानावर लेफ्ट बॅक खेळायचो. वडील रेल्वेत होते, त्यामुळे वाढलो क्वार्टरमध्ये. शाळा सुटली की दप्तरांचे गोलपोस्ट करायचे आणि बॉल दिसेनासा होईपर्यंत खेळायचं.

आता माझा मुलगा खेळतो. चौदा वर्षांखालच्या गटात, राइट विंग.

गेल्या जानेवारीत त्यांची सेमी फायनल होती. शून्य-शून्य चालली होती, शेवटची पाच-सात मिनिटं राहिलेली. मला दोरीमागे कॉर्नरच्या झेंड्याजवळ जागा दिली होती. आमच्या पोरांना कॉर्नर मिळाला. तो मिळालेला दिसला, कारण झेंडा माझ्यासमोरच होता. मुलाने डी मध्ये, म्हणजे गोलपुढच्या चौकोनात, उभं राहून हात वर केला, तेही दिसलं. मग बॉल उडाला आणि माझ्यापुढचे सगळे लोक दोरीवर ओणवले. त्यानंतर मला दिसली ती एका माणसाची पाठ, तपकिरी स्वेटरची. गलका झाला, शिट्टी वाजली. मी त्या स्वेटरवाल्याला विचारलं, काय झालं? तो वळून म्हणाला, ‘गोल झाला काका! सात नंबरने मारला, हेडर!’

सात नंबर माझा मुलगा.

घरी आल्यावर त्याने विचारलं, ‘पप्पा, बघितलं ना?’ मी हो म्हणालो. खरं तर तो गोल मी दुसऱ्या दिवशी बघितला, कुणीतरी ग्रुपवर टाकलेल्या अकरा सेकंदांच्या व्हिडिओत.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट वेगळी. तेव्हा चार पोरांनी मला खुर्चीसकट उचलून गॅलरीत, पाहुण्यांच्या सोफ्याशेजारी नेलं. पोरं मनाने चांगली होती. पण एकाने आर्मरेस्ट धरला, तो निघून त्याच्या हातात आला आणि मी डावीकडे कललो. वर नेऊन शाल दिली, नारळ दिलं, माइकवर माझं नाव घेतलं. बायको खालीच राहिली, पाहुण्यांच्या रांगेत तिला जागा नव्हती. मॅच संपल्यावर खाली यायला पाऊण तास लागला. ती चार पोरं बक्षीस समारंभाच्या खुर्च्या मांडत होती.

मुतारीचंही सांगतो, कारण हे कुणी बोलत नाही. मला दर चार-पाच तासांनी कॅथेटर घालावा लागतो. मैदानावरच्या मुतारीला दोन पायऱ्या आहेत आणि दरवाजा दोन फुटी आहे. माझी खुर्ची चाकांसकट पंचवीस इंच. म्हणून मॅचच्या दिवशी मी सकाळपासून पाणीच पीत नाही. मागच्या वर्षी त्यातून इन्फेक्शन झालं आणि तीन दिवस तापाने फणफणलो.

यंदा कमिटीतले दोघे जण स्वतः दुकानात आले. (माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे.) म्हणाले, भाऊ, काय पाहिजे ते कागदावर लिहून द्या. मंडपवाला लग्नात लावतो तसं लोखंडी स्टेज लावून देईल. त्यांनी मनापासून विचारलंय, तर मलाही नेमकं लिहून द्यायचंय. स्टेज किती उंच हवं? रॅम्प किती लांब? कुठल्या बाजूला? आणि मला फक्त माझ्या खुर्चीपुरतं कळतं, मग आणखी कुणाकुणाचा विचार करायला हवा?

एक आधीच सांगून ठेवतो. मला पाहुण्यांत बसायचं नाही. आमच्या टीमची माणसं जिथे उभं राहून ओरडतात तिथे बसायचंय, बायकोला शेजारी घेऊन.

रिटायर्ड ओव्हरसियर, धुळे

भाऊ, वाचीसन डोयामा पानी उनं. मी बांधकामात उभी हयात घालवली. मापाचं मी सांगतो, वही घेऊन बसा.

व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण ३ फूट १० इंचांवर असते. पुढे उभा असलेला माणूस ५ फूट ८ इंच धरू, आणि तो तुमच्या डोळ्यांपासून ४ फूट पुढे आहे असं धरू.

मंडपवाला म्हणेल दोन फुटी स्टेज पुरे. वाटतंही पुरेसं, कारण तुमची नजर ५ फूट १० इंचांवर जाते, म्हणजे त्याच्या डोक्यापेक्षा २ इंच वर. पण नजरेची रेघ ४ फुटांत फक्त २ इंच खाली उतरते आहे. ती जमिनीला टेकणार तुमच्यापासून १४० फुटांवर! मैदानाची रुंदी सव्वादोनशे फुटांच्या आसपास असते. म्हणजे अर्ध्याहून जास्त मैदानावर बॉल जमिनीवर असताना तुम्हाला दिसणारच नाही.

आता तीन फूट करा. नजर ६ फूट १० इंचांवर. चार फुटांत १४ इंच उतार. रेघ जमिनीला टेकते साडेतेवीस फुटांवर. स्टेज साइडलाइनपासून पंचवीस फूट मागे घेतलं आणि दोरी स्टेजपुढे एकाच रांगेपुरती जागा सोडून बांधली की अलीकडची लाइनसुद्धा दिसेल, ती रांग उभी असली तरी. एका फुटाने एवढा फरक पडतो. म्हणून कागदावर ‘तीन फूट’ असं अक्षरात लिहा आणि खाली रेघ मारा.

रॅम्प एकास बारा. एक फूट चढायला बारा फूट लांबी, म्हणजे तीन फुटांना छत्तीस फूट, आणि मध्ये पाच फुटांचा सपाट टप्पा, दम घ्यायला. जागा नसेल तर टप्प्यावरून एल आकारात वळवा. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना पाइपचा कठडा. लग्नात वर-वधूसाठी लावतात तो उभा रॅम्प लावू देऊ नका. त्यावरून ढकलणारा माणूसही घसरतो. आणि रॅम्पवर कारपेट नको म्हणून सांगा. मंडपवाले कौतुकाने लाल कारपेट अंथरतात, त्याची सुरकुती पुढच्या छोट्या चाकात अडकते आणि माणूस तोंडावर येतो.

स्टेज बत्तीस बाय बारा फूट घ्या. मंडपवाल्याचे आठ बाय चारचे बारा पाटे लागतील. पुढच्या पाच-सहा फुटांत खुर्च्या, मागे जायला-यायला वाट. एका खुर्चीला तीन फूट आणि सोबतच्या माणसाला दोन फूट धरले तर सहा जोड्या आरामात बसतात.

एक चूक सगळेच करतात. पुढचा कठडा साडेतीन फुटांवर लावतात. व्हीलचेअरवरच्या माणसाच्या बरोबर डोळ्यांखाली तो पाइप येतो आणि मैदान मधोमध चिरल्यासारखं दिसतं. पुढचा कठडा अडीच फुटांवर ठेवा आणि खाली सहा इंचांची फळी ठोका, म्हणजे चाक पुढे जाणार नाही. बाजूचे आणि मागचे कठडे उंच असले तरी चालतील.

हे मी मनाने सांगत नाही. इंग्लंडमध्ये स्टेडियमच्या सुरक्षेचं ‘ग्रीन गाइड’ आहे. त्याच्या जोडीला अपंग प्रेक्षकांसाठी वेगळं मार्गदर्शक आहे. पुढचे लोक उभे राहिले तरी व्हीलचेअरवरच्याला दिसलं पाहिजे, हे तिथे गृहीतच धरलंय. दहा हजारांपेक्षा लहान नव्या मैदानाला शंभरामागे एक जागा, कमीत कमी सहा. दहा हजारांना शंभर. तिथेही हे आपोआप झालं नाही. प्रीमियर लीगच्या क्लबांनी ऑगस्ट २०१७ पर्यंत ही मापं पाळायचं २०१५ साली कबूल केलं, आणि मुदत संपली तेव्हाही काही क्लब मागेच होते. त्या हिशोबाने तुमच्या तीन हजारांना तीस जागा होतात. यंदा सहापासून सुरुवात करा, पण कागदावर तीसचा आकडा राहू द्या.

पांढरी काठी, अमळनेर

मी स्क्रीन रीडरवर वाचतो, टायपिंगच्या चुका समजून घ्या.

दादा, तुम्ही विचारलंत आणखी कुणाचा विचार करायचा. माझा करा. मला जन्मापासून दिसत नाही आणि मला फुटबॉल अतिशय आवडतो. लोक विचारतात, तू मैदानावर जाऊन करतोस काय? बॉलला बूट लागल्याचा आवाज, कीपरचं ओरडणं, शॉट मारायच्या आधी सगळं पब्लिक एकदम श्वास रोखतं ते, हे टीव्हीवर मिळत नाही. ते ऐकायला मी जातो.

अडचण एवढीच की बॉल कुठे आहे ते कुणी सांगत नाही. माइकवर कॉमेंट्री असते, पण त्यात देणगीदारांची नावं, कुणाचा वाढदिवस, गाडी नंबर अमुक बाजूला घ्या. २०२२ च्या वर्ल्ड कप फायनलला माझा भाचा शेजारी बसून सांगत होता. तो अर्जेंटिनावाला. फ्रान्सच्या एम्बापेने दोन मिनिटांत दोन गोल केले तेव्हा भाचा गप्पच झाला. मी त्याचा हात हलवत राहिलो, अरे सांग, काय झालं सांग. त्या कतारच्या वर्ल्ड कपमध्ये अंध प्रेक्षकांसाठी अरबी आणि इंग्रजीत खास वर्णनाची कॉमेंट्री होती. ती कॉमेंट्री करणाऱ्याचं काम एकच, डोळ्यांनी दिसतं ते सांगायचं.

तुमच्याकडे हे फुकटात होईल. एक पोरगा मैदानाच्या मध्यरेषेजवळ फोन घेऊन बसवा आणि साध्या कॉन्फरन्स कॉलवर आम्हाला घ्या. यूट्यूब लाइव्हवर नको. ते अर्धा-एक मिनिट मागे असतं, पब्लिक ओरडून झाल्यावर मला गोल कळतो. साधा कॉल लगेच पोचतो. त्या पोराला तीन गोष्टी सांगून ठेवा. बॉल कुठल्या बाजूला आहे, डी पासून किती लांब आहे, कुणाच्या पायात आहे. ‘वा काय पास!’ असं म्हणून तो थांबला तर मला काहीच कळत नाही. ‘डाव्या लाइनवरून उजवीकडे लांब पास, सात नंबर एकटा’ म्हणाला की मला सगळं दिसतं.

आणि गेटपासून जागेपर्यंत कुणीतरी सोबत हवं. माझा दंड धरून ओढायचं नाही, मला त्याच्या कोपराला धरू द्यायचं.

डावा बॅक, भुसावळ

ओव्हरसियर आप्पा, तुमचा हिशोब मी दोनदा वाचला आणि मग टेप घेऊन दुकानासमोर बसलो. माझी नजर ३ फूट ९ इंचांवर आली. बारा वर्षांत हे कधी मोजलं नव्हतं. शेजारच्या चहावाल्याला चार फूट पुढे उभं केलं. मग दोन पोरांना सांगून खुर्ची दुकानाच्या ओट्यावर घेतली. ओटा दोन फुटी. समोरच्या रस्त्यावरची रिक्षा दिसली, तिची चाकं दिसली नाहीत. तुम्ही म्हणालात तसंच.

दादा, अमळनेरहून या. कॉमेंट्रीचं मी बघतो. माझ्या मुलाच्या वर्गात एक पोरगी आहे, ती मॅच बघताना सतत बोलत असते. तिलाच विचारतो.

दोन मुलांची आई, चाळीसगाव

माझा धाकटा ऑटिझमचा आहे, नऊ वर्षांचा. फुटबॉलचं त्याला वेड आहे, जर्सीचे नंबर पाठ असतात. आम्ही एकदाच मॅचला गेलो. गोल झाला आणि आमच्या मागे सुतळी बॉम्बची माळ लावली, वरून डीजे. तो कान दाबून जमिनीवर बसला आणि तासभर उठला नाही. लोक म्हणाले, आणायचंच कशाला अशा पोराला.

भाऊ, तुमच्या कागदावर दोन ओळी माझ्याही लिहा. डीजेचा बॉक्स ज्या टोकाला असेल त्याच्या विरुद्ध टोकाला एक कोपरा ठेवा, आणि त्या बाजूला फटाके नकोत. जवळ एखादी बंद खोली असेल, अगदी सामान ठेवायची असली तरी, तिची किल्ली कुणाकडे आहे ते आधी सांगून ठेवा. दहा मिनिटं शांत बसला की तो परत येतो, मॅच पूर्ण बघतो. कतारला काही स्टेडियममध्ये अशा मुलांसाठी खास शांत खोल्या होत्या, तिथून काचेतून खेळ दिसायचा. आम्हाला सामानाची खोलीही चालेल.

नोटरी, जळगाव

कमिटी मनाने करतेय ही चांगलीच गोष्ट आहे. तरी कायदा माहीत असू द्या, मैदान सरकारी किंवा पालिकेचं असेल तर उपयोगी पडेल.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. जुन्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, यात एकवीस आहेत, त्यात ऑटिझमही येतं. ताई, हे तुमच्यासाठी. कलम ३० खेळाबद्दल आहे, खेळाच्या सोयींची रचना दिव्यांगांना वापरता येईल अशी करण्याची जबाबदारी त्यात सरकारवर टाकली आहे. कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज जाता-येता, वापरता येण्याचे, नियम न पाळणाऱ्या बांधकामाच्या नकाशाला मंजुरीच द्यायची नाही. कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत बदलायच्या होत्या. नियम आले जून २०१७ मध्ये. म्हणजे मुदत २०२२ लाच संपली. तुमची ती सात पायऱ्यांची गॅलरी आणि दोन पायऱ्यांची मुतारी यात बसते.

८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर निकाल दिला. सुगम्यतेची मापं नुसती शिफारस म्हणून ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीची मापं ठरवायला केंद्राला तीन महिने दिले.

पैशाचं म्हणाल तर आपल्या राज्यात नगरपालिका, महापालिका, ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पक्का रॅम्प आणि टॉयलेट यासाठी त्यातून मागणी करा. अर्ज द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत. दुकानावर या, अर्जाचा मसुदा मी करून देतो, फी नको.

टुर्नामेंटवाला (दुसऱ्या गावचा)

आम्हीही टुर्नामेंट घेतो, म्हणून मोकळेपणाने विचारतो. राग मानू नका. बत्तीस बाय बाराचं स्टेज म्हणजे दीडेकशे माणसांची उभं राहायची जागा जाते. आणि व्हीलचेअरवर येतात किती? आमच्याकडे गेल्या दहा वर्षांत मी दोन बघितले.

डावा बॅक, भुसावळ

राग नाही भाऊ. तुमचा प्रश्न मला रात्रभर पुरला. सकाळी दुकान उघडायच्या आधी फोनमधली नावं काढून बसलो.

एक माझ्या वेळचा गोलकीपर. साखरेने गुडघ्याखाली पाय काढला, कुबड्यांवर आहे. एक पोलिओचा, कॅलिपर लावतो, तीनचाकी स्कूटर चालवतो, मोहन बागानचे स्कोअर त्याला रात्री बाराला विचारले तरी माहीत असतात. रेल्वेतून रिटायर झालेले एक काका, लकवा मारल्यापासून उजवा हात आणि पाय चालत नाही, पूर्वी या मैदानावर रेफ्री होते. एक पोरगी, जन्मापासून पाठीचं दुखणं, व्हीलचेअरवर कॉलेजला जाते, भाऊ आमच्याच टीममध्ये. बाजारपेठेतले दोघे भाऊ, दोघांचे स्नायू हळूहळू कमी होत चाललेत. असे अकरा झाले, फक्त माझ्या फोनमध्ये. मी अकरांनाही फोन केला. नऊ जण म्हणाले, जागा असेल तर येतो. पैकी रेफ्री काकांनी विचारलं, वर चढवायला कुणाला उचलावं तर लागणार नाही ना? मी नाही म्हणालो, तेव्हा त्यांनी फोन बायकोकडे दिला आणि मला मागे त्यांचा रडण्याचा आवाज आला.

तुम्हाला दहा वर्षांत दोन दिसले, मला नऊ होकार आले. जागेचं म्हणाल तर स्टेज रिकामं राहिलं तर शेवटच्या दहा मिनिटांत पोरांना चढू द्या, असं काही जण सुचवतील. तसं करू नका. उशिरा पोचणाऱ्याला मग चढताच येत नाही. आम्हाला कपडे घालून घराबाहेर पडायलाच दीड तास लागतो.

काल कमिटीला कागद दिला. त्यात लिहिलं ते इथेही टाकतो, दुसऱ्या गावात कुणाला लागलं तर.

स्टेज तीन फूट, बत्तीस बाय बारा, पश्चिमेला, गॅलरीच्या दक्षिण टोकाला. साइडलाइनपासून पंचवीस फूट मागे, दोरी स्टेजपुढे एकाच रांगेपुरती जागा सोडून. पश्चिम अशासाठी की मॅच दुपारी तीनला सुरू होते आणि ऊन पाठीमागून येतं. वर कापडी छत मात्र हवंच. माझ्यासारख्यांना पायाला चटका बसला तरी कळत नाही. एकदा उन्हात तापलेल्या फुटरेस्टने पोटरी भाजली आणि मला ते घरी मोजे काढल्यावर दिसलं, ती जखम भरायला दोन महिने गेले. रॅम्प एकास बारा, एल आकार, कारपेट नाही. पुढचा कठडा अडीच फूट. प्रत्येकाबरोबर एक माणूस, त्याचं वेगळं तिकीट नाही. मुतारीशेजारी तट्ट्याचा एक आडोसा, दरवाजा तीन फुटी आणि बाहेर उघडणारा, आत खुर्ची वळेल एवढी पाच बाय पाच जागा, खाली फरशी सपाट, पाण्याची बादली आणि हात धुवायला साबण. सामानाच्या खोलीची किल्ली पाण्याच्या टाकीजवळ बसणाऱ्या काकांकडे, ताई, तसं गेटवरच्या फळ्यावर लिहिणार आहेत. फटाके उत्तरेच्या टोकाला. कॉमेंट्रीचा कॉल मॅचच्या पंधरा मिनिटं आधी सुरू.

कमिटीने वाचलं. शाल-नारळाची ओळ मी शेवटी लिहिली होती, सत्कार नको म्हणून. तिच्यावर थोडी कुजबुज झाली, पण मान्य केलं. मुतारीचं माप बघून एक जण म्हणाला, हे आमच्या आईलाही लागेल, तीही गुडघ्यांमुळे मॅचला येत नाही.

मंडपवाला स्टेजचे तीन फुटी पाय आणतो म्हणाला. त्याच्याकडे दोन फुटीच जास्त आहेत, उरलेले भाड्याने जळगावहून आणावे लागतील. नोटरीसाहेब, ते आणणारा टेम्पो तुमच्या गल्लीवरून येतो, पक्क्या रॅम्पच्या अर्जाचा कागद त्याच्याकडे देता का?

अमळनेरचे दादा, ती पोरगी तयार आहे. कालच्या सरावाला तिने मला फोनवर ऐकवून बघितलं, मी डोळे मिटून बसलो होतो. सुरुवातीला ती डावं-उजवं स्वतःच्या बाजूने सांगत होती, कुठल्या टीमचं डावं ते कळेना. आता गॅलरीकडून बघताना म्हणून सांगते. तुम्ही कुठल्या गाडीने येताय ते कळवा, स्टेशनवर माझा मुलगा येईल. सात नंबरची जर्सी त्याने घातलेली असेल, पण ते तुम्हाला उपयोगाचं नाही, म्हणून तो तुमच्या नावाने हाक मारेल.